ठाण्यात राहून अंगोरा: सशाचा शो, हातसुताची स्पर्धा आणि बंद पंखा

आधी वाईट बातमी सांगून टाकते म्हणजे नंतर कोणी मला बोलायला नको. ठाणे, नवी मुंबई, कळवा, पनवेल, यातल्या कुठेही राहत असाल आणि शोला न्यायला म्हणून अंगोरा, म्हणजे लोकरीसाठी पाळतात तो लांब केसांचा ससा, घरी आणायचा बेत असेल तर आणू नका. सशाला १५ ते २० डिग्रीची हवा मानवते, तिशीच्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात, त्यात याच्या अंगावर चार बोटं लोकर आणि सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, गरमी बाहेर जायची ती मुख्यतः कानातून. आपल्याकडे मे महिन्यात रात्री दोनला लाईट गेली तर आपण गॅलरीत जाऊन वारा घेतो, तो कुठे जाणार. चोवीस तास एसी आणि त्याला इन्व्हर्टर, एवढी तयारी असेल तरच पुढचा विचार करा.

पण अंगोराचं सूत कातून स्पर्धेत पाठवायचं असेल तर ठाण्यासारखी जागा नाही, हे मी मस्करीत म्हणत नाहीये, कारण खाली येईलच.

ससा घरात आधीच असेल तर

आमच्याकडे तात्या, म्हणजे आमचा ससा, आला तो असाच, नणंदेच्या मुलाने हौसेने घेतला आणि दोन महिन्यांत आमच्या गळ्यात. विकणाऱ्याने "प्युअर अंगोरा" म्हणून दिलेला. मोठा झाल्यावर मानेभोवती सिंहासारखी आयाळ आणि पाठीवर साधेच केस, म्हणजे लायनहेड नावाच्या जातीची मिसळ. आपल्याकडे लांब केसांच्या कुठल्याही सशाला अंगोरा म्हणायची पद्धत आहे त्यामुळे आधी आपला ससा काय आहे ते बघा. खऱ्या अंगोराची लोकर पाठीवर, बाजूंना, पोटावर सगळीकडे वाढते आणि वाढतच राहते, महिन्याला अडीच-तीन सेंटिमीटरच्या आसपास.

अमेरिकेतली एआरबीए, म्हणजे १९१० पासूनची तिथली ससेवाल्यांची मोठी संघटना, अंगोराच्या चार जाती मानते. इंग्लिश सगळ्यात छोटा, सव्वादोन ते साडेतीन किलोच्या आत, तोंडावर आणि कानांवरही झिपऱ्या, डोळे शोधावे लागतात. फ्रेंच त्याहून मोठा पण तोंड आणि कान साफ. सॅटिनच्या लोकरीला रेशमासारखी चकाकी. आणि जायंट, साडेचार किलोच्या आसपास किंवा त्याच्याही वर. जर्मन अंगोरा हा पाचवा, एआरबीएच्या यादीत नाही पण आपल्या देशात लोकरीसाठी जास्त करून तोच पाळतात. राजस्थानात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे, तिचं एक केंद्र हिमाचलात कुल्लूजवळ गारसाला आहे, तिथे जर्मन अंगोरावर काम चालतं. कुल्लूच का, तर हवा. बघा, सरकारनेसुद्धा हे ससे राजस्थानात नाही ठेवले, थंडीत नेऊन ठेवले, आणि आपण घोडबंदर रोडला बाराव्या मजल्यावर पश्चिमेच्या गॅलरीत ठेवणार.

(एक राहिलंच. रानातला ससा कोणी गावाहून आणून देत असेल तर हात लावू नका, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि त्यात तो येतो.)

शोमध्ये जज नेमकं काय बघतो

आपल्याकडच्या पेट शोमध्ये सशांना बहुतेक "छोटे प्राणी" या एका टोपलीत टाकतात, हॅमस्टर, गिनीपिग, ससा सगळे एकत्र आणि जो जास्त गोड दिसेल त्याला बक्षीस. त्याच्यासाठी तयारी अशी काही नाही, ससा स्वच्छ असला की झालं. खरं ससा-शो म्हणतात ते वेगळं, आणि त्याची रीत माहीत असली की घरच्या सशाची निगासुद्धा सुधारते म्हणून सांगते.

एआरबीएच्या शोमध्ये सशाच्या डाव्या कानात टॅटूने नंबर हवा, नसेल तर ससा बाद. उजवा कान रजिस्ट्रेशनसाठी राखीव. ब्रिटनमध्ये टॅटू नाही, मागच्या पायात रिंग असते. बहुतेक अंगोरांत सहा महिन्यांच्या आतले ज्युनिअर, वरचे सीनिअर, नर मादी वेगळे. मग जज ससा टेबलावर घेतो आणि पहिल्यांदा दोष शोधतो, दात वाकडे वाढलेत का, नाक वाहतंय का, कानात खरजेची खपली आहे का, नखं सगळी आहेत का. यात काही निघालं तर लोकर कितीही भारी असो, गेला.

यातून पास झाला की लोकर. अंगोराला निम्म्याहून जास्त मार्क एकट्या लोकरीचे असतात. आणि ती बघायची पद्धत मला फार आवडते, जज खाली वाकतो आणि सशाच्या पाठीवर फुंकर मारतो. लोकर गोल उघडते, फुलासारखी, आणि त्या गोलाच्या तळाशी कातडी किती दिसते ते बघायचं. टिकलीएवढी दिसली तर लोकर दाट. रुपयाएवढी दिसली तर विरळ. हे घरी करून बघा, फुकट आहे.

आता दाट दिसावी म्हणून लोक रोज ब्रश घेऊन बसतात आणि तिथेच फसतात, कारण ब्रशने सुटे केस निघतात आणि लोकर उलट पातळ होते. शोवाले लोक ब्रशपेक्षा ब्लोअर वापरतात, थंड हवेचा, कातडीपर्यंत हवा जाईल असा धरायचा, कोंडा आणि कचरा उडून जातो आणि केस केसापासून मोकळा होतो. ब्रश फक्त टोकांना. गुंता कुठे होतो तर कानामागे, हनुवटीखाली, काखेत आणि मागच्या पायांच्या आत, तिथे आठवड्यातून दोनदा बोटांनी चाचपायचं. गुंता सापडला तर कात्रीने सरळ कापू नका, सशाची कातडी टिश्यूपेपरसारखी असते, गुंता वर ओढला की तिचा तंबू होऊन कात्रीत येतो. आधी गुंता आणि कातडीच्या मध्ये कंगवा सरकवायचा, मग कंगव्याच्या वरून कापायचं. आंघोळ अजिबात घालायची नाही.

खाण्यात गवत, गवत आणि गवत. सशाला उलटी करता येत नाही, स्वतःला चाटताना पोटात गेलेली लोकर पुढेच सरकली पाहिजे आणि त्यासाठी सतत सुकं गवत हवं. खायचा थांबला आणि लेंड्या बारीक झाल्या किंवा थांबल्या तर उद्या बघू म्हणायचं नाही, त्याच दिवशी डॉक्टर, आणि ससे बघणारा डॉक्टर आधीच शोधून ठेवायचा कारण कुत्र्या-मांजरांचे सगळे बघतात असं नाही. गवताची जाळी मात्र पिंजऱ्याच्या बाहेरून लावा, आत डोक्यावर लावली की काड्या मानेच्या लोकरीत पडतात आणि त्या काड्या पुढे तुमच्या सुतात येतात.

कुठे न्यायचाच असेल तर सकाळी सातच्या आत एसी गाडीने, सोबत फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली आणि बसायला लादीचा एक तुकडा. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला, लाळ आली, कान तापले तर कान ओल्या कपड्याने पुसायचे आणि परत फिरायचं. गार पाण्यात बुडवायचं नाही, धक्का बसतो. मी तात्याला एकदाच नेलं, शेजारी कुत्र्यांची रिंग आणि डोक्यावर स्पीकर, तो तीन तास दगडासारखा बसून होता आणि लोक म्हणाले किती शांत ससा आहे हो. शांत नव्हता, भेदरलेला होता. तेव्हापासून नेलं नाही.

लोकर मिळवायची कुठून

ससा नसेल तर हिमाचल-उत्तराखंडकडची लोकर मागवता येते. मागवताना दोन प्रश्न विचारा, कापलेली आहे की विंचरून काढलेली, आणि लांबी किती. पाच-सहा सेंटिमीटरच्या खाली घेऊ नका. फोटोवर विश्वास ठेवू नका, आधी २० ग्रॅम मागवा.

आणि हेही विचारा की सशाला धरून उपटलेली तर नाही ना. २०१३ मध्ये पेटा या प्राणीहक्क संघटनेने चीनमधल्या फार्मवरचा व्हिडिओ बाहेर काढला होता, जिवंत सशाची लोकर ओरबाडताना, त्यानंतर मोठमोठ्या ब्रँडनी अंगोरा बंद केली. तेव्हापासून अंगोरा म्हटलं की लोक नाक मुरडतात आणि त्यांचं चूक नाही. काही जातींची लोकर झडायच्या वेळी आपसूक सुटते, तेव्हा ती हाताने अलगद निघते, ससा झोपलेला असतो मांडीवर. जर्मनची तशी सुटत नाही, कापावीच लागते, साधारण दर तीन महिन्यांनी.

हातात आली की निवडायची, तांदूळ निवडतो तशी. पाठीची आणि बाजूची लांब, स्वच्छ लोकर स्पर्धेसाठी. मानेची दुसऱ्या डब्यात. पोटाची आणि पायाची नमदा होऊन आलेली असते, ती उशीत भरा. कात्री दोनदा फिरल्यामुळे पडलेले बारीक तुकडे दिसले की लगेच काढा, ते सुतात गाठी करतात. मेंढीच्या लोकरीसारखं तेल यात नसतं त्यामुळे कातायच्या आधी धुवायची गरज नाही. ठेवायची पुठ्ठ्याच्या खोक्यात, दाबायची नाही, दाबली की आपोआप चिकटते. डांबरगोळ्या नकोत, तो वास सुतातून सहा महिने जात नाही. कडुलिंबाचा पाला आणि पावसाळ्यात सिलिकाच्या पुड्या.

कातणं

आता ठाणे का चांगलं. अंगोराचा केस म्हणजे साधारण १२ ते १६ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), कोरड्या हवेत त्यात स्टॅटिक वीज येते आणि तो चरख्याला, कपड्याला, नाकाला, सगळीकडे जाऊन चिकटतो. आपल्या घामट हवेत स्टॅटिक जवळजवळ नाहीच. बारा महिने जिला शिव्या घालतो ती ही हवा इथे कामाला येते.

दुसरं म्हणजे पेटी चरखा. परदेशातले लोक अंगोरासाठी जास्त वेगाचं चाक शोधत बसतात आणि आपल्याकडे गांधीजींच्या येरवड्याच्या दिवसांपासून तो घडी घालून पेटीत ठेवलेला आहे. अंगोरा गुळगुळीत असते, मेंढीच्या लोकरीसारखे केस एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून पीळ जास्त लागतो, आणि चातीवर, म्हणजे चरख्याच्या फिरत्या टोकदार सळईवर, पीळ भराभर चढतो. कापूस कातलेला असेल तर हात तयारच आहे. टकळीवर सुरुवात केली तरी चालेल, ती खालून वाटीत टेकवून फिरवायची म्हणजे सुतावर वजन येत नाही.

मी पेळू, म्हणजे पिंजून केलेली वळकटी, करत नाही. पिंजल्याने लांब केस तुटतात आणि गोळ्या होतात. लोकरीची बटच घ्यायची, तर्जनीवर मधोमध दुमडायची आणि दुमडीच्या कडेतून सूत ओढायचं. दोन बोटांत पकड इतकी हलकी की चिमणीचं पिल्लू धरलंय. बोटं ओली झाली की पावडर लावू नका, हात पुसा.

मांडीवर काळा कपडा. पांढरी लोकर काळ्यावर दिसते, जाड राठ केस लगेच ओळखू येतो आणि चिमट्याने काढता येतो. आणि पंखा बंद. हे सगळ्यात कठीण. पंख्याखाली बसलात तर दहा मिनिटांत लोकर वरणात सापडेल. मी पहाटे साडेपाचला बसते, सात वाजता दूध येईपर्यंत, तेवढ्या वेळात तीन-चार ग्रॅम होतं. एसी चालतो पण झोत अंगावर नको.

एक पदर कातून झाला की एक रात्र तसाच चातीवर ठेवा, मग दोन पदर एकत्र, उलट्या दिशेने पीळ. एकेरी सूत स्पर्धेला देऊ नका, केस सुटतात आणि परीक्षक हात फिरवून बोटं बघतोच. दोन पदरी झाल्यावर मधे कुठेही हातभर सूत सैल सोडून बघा. स्वतःभोवती गरगर वळलं तर पिळाचा तोल गेलाय, सरळ लोंबलं तर जमलं.

माझी पहिली गुंडी, म्हणजे सुताची लड, मी इथेच घालवली, पण पिळात नाही. चातीला तेल दिलं आणि पुसलं नाही. पहिल्या तीनेक मीटरवर फिकट करडी रेघ, मला वाटलं आत जाईल, कोण बघतंय. परीक्षकांनी गुंडी हातात घेतली, दोन्ही हात आत घालून ताणली, झटकली, आणि ती रेघ बरोब्बर वर आली. कागदावर दोनच शब्द होते, "तेलाचा डाग". तेव्हापासून तेल दिल्यावर पहिले पाच मीटर कापूस कातते आणि फेकते.

गुंडी, धुणं, लेबल

सूत फाळक्यावर, म्हणजे लड गुंडाळायच्या चौकटीवर, घ्यायचं. फाळक्याचा एक वेढा किती ते एकदाच नीट मोजून ठेवा, माझा दीड मीटरचा आहे, म्हणजे ८० वेढे १२० मीटर. सोडवायच्या आधी चार ठिकाणी बांधायचं, आठाच्या आकड्यासारखं, वेढे दोन भागांत वाटून मधून दोरा घालून. बांध सैल. घट्ट बांधला तर धुतल्यावर तिथे बारीक कंबर दिसते आणि रंगवायचं असेल तर तेवढा पट्टा पांढरा राहतो. बांधायला तेच सूत की पांढरा कापूस हे नियमात असतं, वाचा.

धुताना अंगोराला थोडा त्रास द्यायचा असतो. कडक गरम पाणी, शाम्पूचा थेंब, बुडवा, दाबा, काढा, गार पाण्यात टाका, पुन्हा गरम, असं दोन-तीनदा. केस थोडे आवळून बसतात आणि नंतर झडत नाहीत. मग टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि गुंडी एका टोकाला धरून गॅलरीच्या कठड्यावर चार वेळा आपटा, धोबी आपटतो तशी, शेजारीण काय म्हणेल ते म्हणू द्या. अंगोराचा तो धुक्यासारखा फुलोरा असतो ना तो असा येतो. ब्रश मारून आणू नका, दिसायला छान दिसतो पण ते सुटे केस असतात. वजन लावून वाळवू नका. जुलैत वाळायला दोन-तीन दिवस लागतात, पंख्याखाली जाळीच्या पिशवीत, आणि पूर्ण वाळल्याशिवाय पॅक केलीत तर उघडताना ओल्या छत्रीचा वास येईल.

वजन सोनाराच्या छोट्या काट्यावर. सुताचा नंबर, म्हणजे ते किती बारीक आहे, ते काढायचा हिशोब सोपा, मीटर भागिले ग्रॅम. १२० मीटर सूत २० ग्रॅम भरलं तर नंबर ६. खादीवाले हेच किलोत किती गुंड्या असं मोजतात, त्यांची एक गुंडी हजार मीटरची. जाडी तपासायला पट्टीवर एक इंचभर वेढे शेजारी शेजारी गुंडाळा आणि मोजा, सुरुवातीला, मधे आणि शेवटी. तीन ठिकाणी आकडा एकच आला पाहिजे, एखादा इकडे तिकडे चालेल. परीक्षक सगळ्यात आधी हेच बघतात, बारीक आहे का यापेक्षा सारखं आहे का.

लेबलवर लोकर कुठली आणि किती टक्के, चरखा की टकळी, किती पदरी, लांबी, वजन आणि हे सूत कशासाठी. शेवटचं लोक रिकामं सोडतात आणि मार्क घालवतात. "बाळाचं टोपडं" लिहा, "गळ्यातली शाल" लिहा, पण सुताशी जुळणारं लिहा. मोजे लिहू नका, अंगोराला लवचीकपणा नाही, मोजे दोन दिवसांत ढगळ होतात. मेरिनो मेंढीची लोकर मिसळली असेल तर शुद्ध अंगोराच्या गटात टाकू नका, मिश्रणाचा गट वेगळा असतो. आणि खरं सांगायचं तर घालायला मिश्रणच बरं, वीस-तीस टक्के अंगोरा पुरते, शुद्ध अंगोरा इतकी गरम की ठाण्यात ती अंगावर घेऊन दाखवायलाही कोणी तयार होत नाही.

पाठवायचं कुठे

जवळच्या हस्तकला स्पर्धांमध्ये हातसुताचा गट क्वचितच असतो, "विणकाम व इतर" मध्ये टाकावं लागतं. तिथे गुंडीबरोबर लोकरीची एक न कातलेली बट छोट्या पाकिटात जोडा. एका ठिकाणी परीक्षकबाईंनी माझी गुंडी गालाला लावली आणि विचारलं, ही लोकर कुठल्या दुकानातली, आमच्याकडे असा शेड मिळत नाही. बट दाखवल्यावर त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि बाकीच्या वस्तू तशाच राहिल्या.

परदेशात अशा स्पर्धांचं मोठं काम आहे. अमेरिकेत मे महिन्यात मेरीलँडचा मेंढी-लोकर महोत्सव, ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातला ऱ्हाइनबेकचा. टास्मानियातल्या बॉथवेलला १० ग्रॅम लोकरीतून कोण जास्तीत जास्त लांब सूत काढतं अशी स्पर्धा होत आलीय. कुठेही पाठवायच्या आधी त्यांचं नियमपत्रक पूर्ण वाचा, बाहेरच्या देशातून पोस्टाने घेतात का, किमान लांबी किती, परत पाठवायचा खर्च कोणाचा, आणि प्राण्याच्या लोकरीला कस्टममध्ये कोणते कागद लागतात ते आयोजकांना मेल करून लेखी घ्या. धुतलेलं सूतच पाठवा, कच्ची लोकर नको. पाकिटात गुंडी पिळून वेटोळं करून ठेवू नका, सपाट, मलमलच्या कापडात, वर पोस्टवाल्यांनी काहीही ठेवलं तरी चेपणार नाही अशा खोक्यात.

आणि फॉर्ममध्ये परीक्षकांच्या शेऱ्यांचा कागद हवा का असा रकाना असतो, तिथे टिक करायला विसरू नका. माझा तेलाच्या डागाचा कागद चरख्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला आहे, पहाटे पेटी उघडली की आधी तो दिसतो, मग मी चाती पुसते.